बोटं वर करून अटॅक चालवणारे सर ठेवायचे की बदलायचे? रविवारी मीटिंग आहे, मतं द्या

फोंड्याचा_लेफ्टविंग

नमस्कार मंडळी, लांब लिहिणार आहे, वेळ असेल तरच वाचा. मी फोंडा तालुक्यातला, गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण अर्धा गाव इथं गुपचूप वाचत असतो. आमची गावची टीम आहे, मोठी नाही, आंतरगाव टुर्नामेंट खेळतो, भात कापून झालं की मळ्यात प्रॅक्टिस आणि पावसात चिखलात. मी तीन वर्षं सेक्रेटरी आहे, म्हणजे जर्सी धुवायला कोण नेणार आणि लिंबू-सोड्याचे पैसे कुणी दिले हे बघणारा माणूस.

आमच्याकडे दोन कोच. मेन कोच डिफेन्स, फिटनेस, टीम निवडणं हे सगळं बघतो, एकेकाळी वास्कोला क्लबात खेळलेला माणूस. दुसरे आमचे सर, रिटायर्ड पीटी मास्तर, आणि अटॅक पूर्ण त्यांच्या हातात. सर पाच वर्षांपूर्वी भाच्याकडे तीन महिने अमेरिकेला जाऊन आले. तिथं त्यांनी ते अंड्याच्या आकाराच्या बॉलचं फुटबॉल बघितलं, आणि येताना डोक्यात एकच गोष्ट घेऊन आले की अटॅक हा लाइनवरून नंबर सांगून चालवायचा. तेव्हापासून त्यांच्या हातात एक लॅमिनेट केलेला कागद असतो. कॉर्नर, फ्रीकिक, समोरच्या हाफातला थ्रो, आमची गोलकिक, काहीही असो, सर बोटं वर करतात. दोन म्हणजे लांबच्या पोस्टवर. चार म्हणजे शॉर्ट कॉर्नर, बॉल उंच न मारता जवळच्याच माणसाला द्यायचा. सात म्हणजे थ्रो मागं टाकून पलीकडच्या बाजूला बॉल फिरवायचा (सात दाखवायला दोन्ही हात लागतात, मग कागद तोंडात धरतात, ते दृश्य वेगळंच).

पहिल्या वर्षी धमाल झाली. समोरच्यांना काही कळायचंच नाही. थ्रोवरून गोल, कॉर्नरवरून गोल, बाजूच्या गावचे लोक येऊन आमची प्रॅक्टिस बघायचे. दुसऱ्या वर्षीही बरं चाललं. यंदा मात्र पोरं प्रत्येक वेळी बॉल थांबला की मान वळवून बेंचकडे बघतात, आणि बॉल थांबलेला नसला तरी बघतात, हे मला खटकायला लागलंय.

आणि मग ती फायनल. ०-१ ने मागं, शेवटचं मिनिट, कॉर्नर मिळाला. आमचा सेंटर बॅक सहा फूट दोन इंच, वीज खात्यात लाइनमन आहे, हेडर मारला तर बॉल फुटेल असा. आणि सरांनी बोटं दाखवली चार. शॉर्ट कॉर्नर! विंगरने खेळला, बॉल गेला, शिट्टी वाजली, संपलं. त्या रात्रीपासून गावात दुसरा विषय नाही. देवळाच्या सभामंडपात आरतीला लोक आले तरी चार बोटं दाखवून हसतात.

कमिटीत अकरा जण. पाच म्हणतात काढा, पाच म्हणतात ठेवा, आणि अकरावा मी. मेन कोच काहीच बोलत नाही, जे मला जास्त काळजीचं वाटतं. सरांनी मला आठवीत स्वतःच्या पैशाने पहिले बूट घेऊन दिले होते हेही सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की लपवलं. भावना बाजूला ठेवून सांगा.

सासष्टी_सायडलाइन

काढा. विषय संपला.

बरं कारण सांगतो. फुटबॉल हा न थांबणारा खेळ आहे रे बाबा, त्यात बोटं बघायला वेळ कुठला. आपल्या धेंपो क्लबचे दिवस आठव. कोच आर्मांदो कुलासो लाइनवर उभे असायचे पण बेटोचा पास रँटीला जायचा तेव्हा कोण चार बोटं दाखवत होतं? रँटी मार्टिन्सने २०११-१२ च्या आय-लीगमध्ये ३२ गोल मारले, एका सीझनमध्ये. ते काय कागद बघून? खेळाडूला बॉल मिळाला की त्याला स्वतःला कळलं पाहिजे. प्रॅक्टिसमध्ये शिकवा पाहिजे तेवढं, मॅचला गप्प बसा.

आणि राग मानू नका पण फोंड्याकडे तुम्ही लोक क्रिकेटवाले, ओव्हर संपली की पॅव्हेलियनकडे बघायची सवय, तीच इथं आणलीत.

डिचोलीचा_कीपर

@सासष्टी हे क्रिकेटवाले वगैरे ऐकून कान किटले. संतोष ट्रॉफी १९८३-८४ मध्ये गोव्याने एकही गोल न खाता आणली, गोलमध्ये होते ब्रह्मानंद संखवाळकर, ताळगावचे. ते काय सासष्टीचे? आमच्या डिचोली-सत्तरीतही पोरं खेळतात, फक्त तुमच्यासारखं बोलत नाहीत.

बाकी मुद्द्यावर, मला वाटतं ठेवावं. शेवटच्या मिनिटाचा शॉर्ट कॉर्नर दिसायला वेडेपणा दिसतो. पण कीपर म्हणून सांगतो, शेवटच्या मिनिटाला सगळे बॉक्समध्ये गर्दी करतात आणि उंच बॉल येतो हे मला मनापासून आवडतं. मी येतो, मुठीने मारतो, झालं. कॉर्नरवरून गोल होतात किती? मोठ्या लीगमध्येसुद्धा शंभरातले तीन-चार. आपल्याकडे चिखलात त्याहून कमीच असतील. शॉर्ट खेळलं की माझा एक डिफेंडर बाहेर ओढला जातो, क्रॉसचा कोन बदलतो, मला पुढं यायचं की लाइनवर राहायचं ते कळत नाही. कीपरला विचाराल तर चारच वाईट, दोन सोपा.

जर्सीतला_गोंयकार

मी न्यू जर्सीला आहे गेली चौदा वर्षं, मूळ म्हापशाचा. सरांनी जे बघितलं ते मी दर रविवारी बघतो, तेव्हा यात मला बोलायचा हक्क आहे असं समजतो.

पहिली गोष्ट. इथल्या फुटबॉलमध्ये हे जे ‘प्ले’ सांगणं आहे ते त्या खेळाच्या रचनेतच आहे. प्रत्येक डावानंतर खेळ थांबतो, घड्याळात ४० सेकंद असतात, तेवढ्यात पुढचा डाव ठरवून सुरू करायचा. अटॅकचा कोच (ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणतात, काही टीममध्ये हेड कोच स्वतःच हे काम करतो, कॅन्सस सिटीचा अँडी रीड तसा) रेडिओवरून क्वार्टरबॅकच्या (मैदानात अटॅक चालवणारा, पास टाकणारा खेळाडू) हेल्मेटमध्ये बोलतो. आणि घड्याळात १५ सेकंद उरले की तो रेडिओ आपोआप बंद होतो! म्हणजे त्या खेळातसुद्धा शेवटचे १५ सेकंद पोराचे स्वतःचे. तो समोरची मांडणी बघून आलेला डाव बदलू शकतो. सरांनी नंबर आणले पण हा बंद होणारा रेडिओ आणायला विसरले असं दिसतंय.

दुसरी गोष्ट, तुमच्या चार बोटांची मोठी बहीण इथं आहे. २०१५ चा सुपर बोल, म्हणजे इथल्या लीगची फायनल, सिएटल विरुद्ध न्यू इंग्लंड. सिएटल चार पॉइंटने मागं, बॉल समोरच्यांच्या गोललाइनपासून एक यार्डावर, २६ सेकंद बाकी, आणि हातात मार्शॉन लिंच नावाचा रेडा, बॉल घेऊन धावला असता तर आत गेला असता असं अख्खं जग म्हणतं. त्यांनी पास टाकला. माल्कम बटलर नावाच्या नवख्या पोराने तो मधेच पकडला, संपलं, २८-२४. अटॅकचा कोच डॅरेल बेव्हेल. लोकांनी त्याला काय काय म्हणून शिव्या दिल्या ते इथं लिहिता येणार नाही. पण सिएटलने त्याला काढलं नाही, पुढं आणखी तीन सीझन ठेवला. हेड कोच पीट कॅरोलने जबाबदारी स्वतःवर घेतली.

आता उलटं उदाहरण पण देतो नाहीतर म्हणाल एकतर्फी बोलतो. बाल्टिमोर २०१२. टीम ९ जिंकलेली ४ हरलेली, म्हणजे वाईट अजिबात नाही, आणि लीगच्या फक्त तीन मॅच बाकी असताना अटॅकचा कोच कॅम कॅमेरॉन याला काढला. क्वार्टरबॅकचा कोच जिम कॉल्डवेल याच्या हातात कागद दिला. त्या तीनपैकी दोन मॅच हरले! सगळे म्हणाले बघा, घाई केली. आणि मग नॉकआउटमध्ये त्यांचा क्वार्टरबॅक जो फ्लॅको असा काही पेटला की ११ टचडाउन (त्यांचे गोलच समजा), एकही बॉल समोरच्याच्या हातात नाही, आणि सुपर बोल घेऊन गेले.

तेव्हा काढला तर चुकलं, ठेवला तर बरोबर, असा नियम कुठंच नाही. माझं मत विचाराल तर सरांना ठेवा पण तो १५ सेकंदाचा नियम लावा.

फातोर्डा_ईस्ट_स्टँड

न्यू जर्सीवाल्या दादांनी बाल्टिमोर सांगितलं आणि मला जखमेवर मीठ चोळल्यासारखं झालं, कारण आमच्याकडे हेच उलटं घडलंय.

आमचा कोच सर्जिओ लोबेरा. एफसी गोवाला जो अटॅक त्याने दिला तो इंडियन सुपर लीगमध्ये आधी कुणी बघितला नव्हता. स्ट्रायकर कोरोने पहिल्या सीझनला १८ गोल, दुसऱ्याला १६. मी फातोर्ड्याला पावसात भिजून बघितलेत ते, घरी बायको म्हणायची तिथंच राहा. मग २०२० चा जानेवारी संपता संपता, टीम टेबलमध्ये वर, लीगच्या तीनच मॅच बाकी, आणि लोबेराला काढला. तीनच मॅच, बघा, बाल्टिमोरसारख्याच. क्लिफर्ड मिरांडाकडे टीम दिली, आपला गोव्याचा माणूस. पुढं काय झालं? हैदराबादला ४-१, मुंबईला ५-२, जमशेदपूरला ५-०. तीन मॅचमध्ये १४ गोल! टेबलमध्ये पहिल्या येणाऱ्याला मिळते ती लीग शील्ड जिंकली, आशियातल्या चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब झालो. सगळे म्हणाले बघा, काढला ते बरोबर केलं.

आणि मग सेमीफायनल. चेन्नईत ४-१ मार खाल्ला. परतीची फातोर्ड्याला ४-२ जिंकलो, तरी एका गोलने बाहेर. बाल्टिमोरवाले आधी हरले मग जिंकले, आम्ही आधी जिंकलो मग हरलो. तेव्हा लोबेरा असता तर काय झालं असतं हे माझ्या ग्रुपवर अजून दर दोन महिन्यांनी निघतं आणि दोन जण ग्रुप सोडून जातात.

खरा त्रास पुढच्या वर्षी. लोबेरा मुंबईला गेला आणि मागोमाग बुमूस, जाहू, फॉल, मंदार राव देसाई, सगळे मुंबईला. सेमीफायनलला आम्हालाच पेनल्टीवर काढलं आणि फायनल जिंकली ती पण आमच्याच फातोर्ड्याला, कोरोनामुळे रिकाम्या स्टँडसमोर. आमच्या घरात येऊन आमच्याच ताटात जेवून गेले.

म्हणून लेफ्टविंग भाऊ, सरांना काढताना एवढंच बघा की सर गेले तर त्यांच्याबरोबर कोण कोण जाईल. आणि सर बाजूच्या गावात कागद घेऊन गेले तर? तुमचे सगळे नंबर त्यांना पाठ.

पेडण्याचा_पोस्टमन

बाजूच्या गावाला नंबर कळले तर चारच्या जागी पाच दाखवा. प्रॉब्लेम सॉल्व्ह. माझी फी पाठवून द्या.

शिट्टीवाली_ताई

मी रेफरी आहे, गोव्यातच, गावाच्या आणि शाळेच्या मॅच बरीच वर्षं करतेय. वरचे सगळे मोठमोठे दाखले वाचले, छान आहेत, पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट वाचून मी थांबले. दोन कोच. फायनलच्या त्या शेवटच्या कॉर्नरला सरांनी चार बोटं दाखवली हे तुम्ही लिहिलंत. त्याच वेळी तुमचा मेन कोच काय करत होता?

विचारायचं कारण म्हणजे नियमात स्पष्ट आहे, टेक्निकल एरियातून (बेंचसमोरची आखलेली जागा) एका वेळी एकाच माणसाने सूचना द्यायच्या. गावच्या मॅचमध्ये हा नियम कुणी पाळत नाही, आम्हीही दरवेळी शिट्टी वाजवत नाही, नाहीतर मॅच रात्रीपर्यंत चालेल. पण नियम उगाच केलेला नाही. मी मैदानात मधोमध उभी असते, मला दोन्ही बेंच ऐकू येतात. एकजण ‘वर जा वर जा’ आणि दुसरा ‘थांब थांब’ असं ओरडत असला की पोराचा चेहरा कसा होतो ते मी रोज बघते. ते पोर दोघांचं अर्धं अर्धं ऐकतं. आणि अर्धा कॉर्नर हा जगातला सगळ्यात वाईट कॉर्नर.

शिवाय शॉर्ट कॉर्नरचं एक तांत्रिक. कॉर्नरवरून थेट बॉल मिळाला तर ऑफसाइड नसतो, पण शॉर्ट खेळून बॉल परत मारणाऱ्याकडे आला तर तो तिथंच लाइनवर उभा असल्याने बऱ्याच वेळा ऑफसाइडमध्ये सापडतो. चार नंबर शिकवताना सरांनी हे शिकवलंय का बघा. फायनलचा व्हिडिओ असेल तर नीट बघा आणि मग मत द्या. गोल झाला की नाही याच्यावरून मत देऊ नका, बॉल जिथं जायला हवा तिथं गेला का, आणि तिथं माणूस होता का, एवढंच बघा.

सासष्टी_सायडलाइन

ताई, तुम्ही बरोबर बोलता पण गावात व्हिडिओ बघून निर्णय घेतात का हो? गावात जो जोरात ओरडतो त्याचं चालतं.

शिट्टीवाली_ताई

म्हणूनच तर त्यांनी इथं विचारलं ना बाब.

फोंड्याचा_लेफ्टविंग

मंडळी, काल रात्री तीन वाजेपर्यंत बसलो होतो. व्हिडिओ आहे. आमच्या कीपरचा मेव्हणा पाण्याच्या टाकीवर चढून सगळ्या मॅच मोबाइलवर काढतो, हलतं फार, मधे मधे त्याच्या मित्राचं डोकं येतं आणि मागून भज्यांची चर्चा ऐकू येते, पण दिसतं सगळं.

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. व्हिडिओ सात-आठ वेळा मागं-पुढं केला. सर लाइनवर उजव्या हाताने चार दाखवतात. त्यांच्यापासून तीन पावलांवर मेन कोच, दोन्ही हात हलवून सगळ्यांना ‘आत, आत’ करतोय. शॉर्ट कॉर्नरला जो पोरगा विंगरजवळ यायचा असतो (तो आमचा राइट बॅक) तो आधी दोन पावलं विंगरकडे आला, मग मेन कोचकडे बघितलं, मग बॉक्समध्ये धावला. विंगरने सरांची बोटं बघितली होती, त्याने खाली बघून शॉर्ट दिला. जिथं दिला तिथं कुणीच नव्हतं. समोरच्याने आरामात चालत येऊन बॉल घेतला.

म्हणजे गेले दोन आठवडे अख्खा गाव ज्या शॉर्ट कॉर्नरवर भांडतोय तो शॉर्ट कॉर्नर खेळलाच गेला नाही. आणि लाइनमन आत उभा होता तो उंच बॉलची वाट बघत, त्याला बॉलच आला नाही. मला तर ते बघून अंगावर काटा आला.

मग मी बाकीचे पण बघितले, यंदाच्या जेवढ्या मॅचचे आहेत तेवढे. सगळं लिहीत बसत नाही, पण एक दिसलं. जिथं मेन कोच बसलेला आहे आणि सर उभे आहेत तिथं नंबर बऱ्यापैकी जमतात, दोन गोल तसेच आहेत, शिवाय एक पोस्टला लागलेला. जिथं दोघं उभे आहेत तिथं गोंधळ. आणि जिथं दोघंही बसलेत, म्हणजे पाऊस जोरात होता तेव्हा, तिथं आमच्या कॅप्टनने स्वतः थ्रोला हाताने इशारा करून सात नंबर खेळवला आणि त्यावरून गोल झाला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. तो गोल त्या दिवशी सगळ्यांनी सरांच्या खात्यात टाकला, मीसुद्धा.

जर्सीतला_गोंयकार

हेच! हेल्मेटमधल्या रेडिओचं मी सांगितलं त्यात एक राहिलं. अटॅककडून मैदानात एका वेळी एकाच खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ चालू असतो, त्याच्या मागं हिरवा ठिपका असतो. एक आवाज, एक कान. दोन कोचना एकाच वेळी बोलताच येत नाही. आणि तुम्ही काय केलंत तर अकराच्या अकरा जणांच्या मागं हिरवा ठिपका लावलात.

आणि आणखी एक किस्सा, तुमच्या व्हिडिओवरून आठवला. बफेलो, नोव्हेंबर २०२३. डेन्व्हरविरुद्ध शेवटच्या क्षणी डेन्व्हरची किक हुकली, बफेलो जिंकलेच होते, आणि रेफरीने सांगितलं की बफेलोचे मैदानात बारा जण उभे आहेत. परत किक, यावेळी आत, २४-२२ हरले. दुसऱ्या दिवशी काढला कुणाला? अटॅकचा कोच केन डॉर्सी! बारावा माणूस उभा होता तो किक अडवणाऱ्यांच्यात, अटॅकचा त्याच्याशी काही संबंध नाही. अर्थात त्याच मॅचमध्ये अटॅकने चार वेळा बॉल घालवला होता, म्हणजे तो अगदी निर्दोष असंही नाही. आणि गंमत म्हणजे त्याच्यानंतर जो ब्रेडी नावाचा कोच आला आणि उरलेल्या सातपैकी सहा जिंकले. चुकीच्या मॅचवरून काढला तरी निकाल बरा लागला, आता बोला.

डिचोलीचा_कीपर

म्हणजे मेन कोचला काढायचा का आता? 😀 मजा नाही, खरंच विचारतोय. आत-आत करणारा तो होता ना. कॉर्नर हे अटॅकचं काम ठरलेलं असताना त्याने हात का हलवले?

फातोर्डा_ईस्ट_स्टँड

शेवटच्या मिनिटाला ०-१ असताना कुठला कोच हात खाली ठेवून उभा राहतो सांगा. मी स्टँडमधून हात हलवतो, मला कोण पगार देतं?

सासष्टी_सायडलाइन

मी माझं पहिलं मत थोडं मागं घेतो. थोडंच. सर हुशार आहेत हे मान्य, सेट पीसचा (कॉर्नर, फ्रीकिक, थ्रो) वेगळा कोच आता जगभर असतो, आर्सेनलकडे निकोलस जोव्हर आहे, लिव्हरपूलने तर २०१८ ला फक्त थ्रो शिकवायला थॉमस ग्रोनेमार्क नावाचा माणूस आणला होता, तेव्हा सगळे हसले होते. पण ही माणसं काम कधी करतात, आठवडाभर प्रॅक्टिसमध्ये. तुमच्या कॅप्टनने पावसात सात नंबर स्वतः खेळवला ना, मग तेच सरांचं यश. मास्तर परीक्षेच्या हॉलमध्ये उत्तरं सांगत नाही.

पण हे सरांना सांगणार कोण? बूट घेऊन दिलेला माणूस आहे तो.

फोंड्याचा_लेफ्टविंग

सांगितलं. म्हणजे मी काही बोललो नाही, शनिवारी संध्याकाळी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेलो. काकूंनी चहा आणि शंकरपाळे ठेवले. सरांनी व्हिडिओ बघितला. परत लाव म्हणाले. परत लावला. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘राइट बॅक कुणाकडे बघतोय रे?’ मी म्हटलं मेन कोचकडे. सर म्हणाले, ‘मला वाटलं होतं त्या पोराने माझं ऐकलं नाही. मी त्याच्याशी दोन आठवडे बोललो नाही.’ त्यानंतर बराच वेळ काही बोलले नाहीत, टीव्हीवर बातम्या चालू होत्या त्या बघत बसले. निघताना दारात म्हणाले की त्या पोराला उद्या मीटिंगला बोलव.

मीटिंग आज सकाळी झाली. दीड तास, त्यातला पाऊण तास मंडप कुणी झाडायचा यावर. पोरगं आलं होतं, सरांनी सगळ्यांसमोर त्याला ‘माझं चुकलं’ म्हटलं, मेन कोच खाली बघत होता. मग तोच बोलला, पहिल्यांदा. म्हणाला कॉर्नरला मी हात हलवायला नको होते, पण मला नंबर कधी कुणी सांगितलेच नाहीत, कागद मला आजपर्यंत दाखवला नाही, चार म्हणजे काय ते मला फायनलनंतर गावातल्या लोकांकडून कळलं. यावर सगळे गप्प. पाच वर्षं एका बेंचवर बसतात हो दोघं!

शेवटी मतदान झालंच नाही. ठरलं असं, की सर राहणार, प्रॅक्टिसला मंगळवार-गुरुवार अटॅक त्यांचाच, मेन कोचने त्यावेळी तिथं उभं राहायचं आणि नंबर शिकायचे. मॅचला नंबर कॅप्टन सांगणार. सर बसणार. यावर सरांनी एकच अट घातली की समोरच्या हाफातला थ्रो त्यांचा, तो ते सोडणार नाहीत. मेन कोच हो म्हणाला. कमिटीतले दोघे अजून रागात आहेत, चवथीपर्यंत निवळतील, नाही निवळले तर बघू. ताई तुमचे आभार, तुमच्या मॅचला आलो तर एकावेळी एकच माणूस ओरडेल, थ्रो सोडून.

शिट्टीवाली_ताई

थ्रोला मी कानात बोटं घालेन 🙂 आणि चार नंबरला ऑफसाइडचं बघायला विसरू नका.

पेडण्याचा_पोस्टमन

कागदाचं काय झालं?

फोंड्याचा_लेफ्टविंग

कॅप्टनला दिला. त्याने मोज्यात घालायचा प्रयत्न केला, मावत नाही, लॅमिनेशनचा कोपरा पोटरीला टोचतो. म्हणून छोटा करून परत लॅमिनेट करायला फोंड्याला मार्केटजवळ टाकलाय, दोन कॉपी, एक मेन कोचला. चाळीस रुपये.

पेडण्याचा_पोस्टमन

बिल ठेव, ऑडिटला लागेल.